झाली का?

१. आपलं मूत्राशय लाजाळू आहे ही गोष्ट आख्ख्या संसारात बायकोलाही न कळू देता जगता येतं. नाटकाच्या मध्यंतरात मुतारीपाशी रांग दिसली की मी बटाटेवडा खाऊन परत खुर्चीत. एसटी थांबली की पुरुषमंडळी रस्त्याच्या कडेला ओळीने उभी राहतात. मला मात्र लांबची बाभळ लागते. मागे कुणी नुसतं खाकरलं तरी सगळं आटतं. हर्नियाच्या ऑपरेशनने ही सगळी हुशारी एका दिवसात निकालात काढली. वॉर्डात बाभळ नसते. पलंग असतो, पडदा असतो आणि प्लॅस्टिकचं भांडं.

२. "लघवी झाली का?" हा तिथला रामराम असतो. सिस्टर विचारतात, राउंडला आलेले ज्युनियर डॉक्टर विचारतात. बायको फोनवर तिच्या भावाला सांगते, "नाही रे अजून." त्याची बायको मागून धण्याचं पाणी सुचवते. संध्याकाळपर्यंत माझं ओटीपोट हा दोन घरांच्या काळजीचा विषय झाला होता, आणि ज्याची एवढी माणसं वाट बघतात ते माझ्याच्यानं कधीच होत नाही.

३. सगळा दोष लाजेचा नसतो. हे उशिरा कळलं आणि जरा हायसं वाटलं. कमरेत इंजेक्शन देऊन दिलेली भूल पायांबरोबर मूत्राशयाच्या नसाही बधिर करते, आणि पाय हलायला लागले तरी त्या नसा बऱ्याच उशिरा जाग्या होतात. दुखण्यावरची काही जोरकस औषधं त्यात भर घालतात. वरून सलाईन चालूच. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ६०० मिली मावतं. त्यापलीकडे ते ताणत गेलं की आकसायची त्याची ताकदच कमी होते. म्हणजे "थांबू या, होईल" हा माझा बाणेदारपणा मलाच महाग पडत होता. हर्निया आणि मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर लघवी तुंबणं इतकं नेहमीचं आहे की डॉक्टरांना त्यात नवल वाटत नव्हतं. नवल वाटत होतं ते फक्त मला.

४. जोर लावून हे काम होत नाही. मन धास्तावलं की मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू आवळून बसतो; कुंथलं तर टाके तेवढे दुखतात. १९७६ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी एका विद्यापीठाच्या स्वच्छतागृहात मोजदाद केली होती. एकट्या पुरुषाची धार सुरू व्हायला सरासरी ४.९ सेकंद, अगदी शेजारी कुणी उभं असेल तर ८.४. आकडे वाचून धीर आला. पण ते मोजायला एक जण बाजूच्या संडासात पेरिस्कोप घेऊन बसला होता, हे वाचलं आणि होता तो धीरही गेला.

५. सांगून टाकलं की निम्मं ओझं उतरतं. उरलेलं निम्मं मात्र तिथेच असतं. रात्रीच्या सिस्टरना मी एकदाचं म्हणालो, "कुणी जवळ असलं की मला होत नाही." त्या हसल्या नाहीत. वॉर्डातल्या मामांनी मला धरून बाथरूमपर्यंत नेलं, नळ सोडला, दार लोटलं आणि "चक्कर आली तर हाक मारा काका" म्हणून ते लांब जाऊन उभे राहिले. पाणी वाहत होतं. माझं नाही. परत येताना मामा खालच्या आवाजात म्हणाले, "मला तर रेल्वेत बोगदा लागल्याशिवाय होत नाही."

६. शेवटी लघवीसाठी नळी घालावीच लागली. ज्या नळीच्या धाकाने मी दिवसभर घाम गाळला, तिने मला सुट्टी दिली. घालताना जळजळलं, नाही असं नाही. पण पिशवी भरू लागली तेव्हा अब्रू, संकोच वगैरे शब्द कुठल्या कुठे गेले. भेटायला येणाऱ्यांची नजर पिशवीकडे जायची आणि मला काहीच वाटायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत माझी लघवी होत होती, आणि तीही त्यांच्याशी गप्पा मारता मारता.

७. नळी काढल्यावर परीक्षा पुन्हा होतीच. ती चहाच्या वेळेला सुटली. सगळा वॉर्ड बिस्किटांत गुंतलेला, माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही. बसून केली. पुरुषाने उभंच राहावं हा हट्ट कुणी धरला होता कोण जाणे. बसल्यावर सगळं सैल पडतं, टाक्यांवर ताणही येत नाही. सिस्टरनी माप बघून तक्त्यात लिहिलं. मला टाळ्यांची अपेक्षा होती.

८. पुढे दुसऱ्या बाजूचा हर्निया निघाला, तेव्हा भूलतज्ज्ञांना मी आधीच सगळं सांगितलं: लाजेचं, तुंबल्याचं, नळीचं. वाक्यं घरून जुळवून नेली होती. त्यांनी रक्तदाब आणि ॲलर्जीच्या खाली तेही लिहून घेतलं, आणि मान वर न करता पुढचा प्रश्न विचारला, "कवळी आहे का?"