विचार करायचं काम अर्जुनाचं



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३.

शनिवार-रविवार मी दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. फी नाही, सेवा म्हणून. गेल्या डिसेंबरात रात्री एक-एक वाजेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर गणितं सोडवून पाठवत होतो. ऑफिसात ऑन-कॉलची पाळी बदलते तरी, इथे मी कायमचाच ऑन-कॉल. एका रविवारी एका मुलाने तेच समीकरण तिसऱ्यांदा विचारलं आणि मी सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडलो. पुढच्या रविवारी तो आला नाही. खरं सांगू? वाईट वाटायच्या आधी मला हायसं वाटलं. चला, एक जण कमी! मग त्या विचाराचीच भीती वाटली.

बर्नआऊट म्हटलं की आपल्याला आयटी कंपन्या आठवतात. पण १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने त्यावर लिहिलं, ते मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांना पाहून. ते स्वतःही तिथे सेवा करत आणि स्वतःही पार थकले होते. म्हणजे सेवाभाव असला की माणूस थकत नाही, हा आपला गैरसमज.

आता श्लोक बघा. इतके अध्याय समजावून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, या सगळ्याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. टाकलेलं धनुष्य उचलायचं की नाही, हे अर्जुनाने ठरवायचं.

पूर्वी मला हे हात झटकल्यासारखं वाटायचं. पण लगेच ६४ व्या श्लोकात ते म्हणतात, तू मला फार प्रिय आहेस, म्हणून तुझ्या हिताचं पुन्हा सांगतो. ७२ व्यात विचारतात, मन लावून ऐकलंस ना? मोह गेला का? माया आहे, विचारपूस आहे. फक्त अर्जुनाच्या वाट्याचं काम ते स्वतःकडे घेत नाहीत. मी नेमकं तेच घेत होतो.

मग तीन गोष्टी बदलल्या. रात्री नऊनंतर उत्तर नाही. गणित अडलं तर आधी स्वतः कुठवर सोडवलंय त्याचा फोटो पाठवायचा. महिन्यातला एक रविवार मित्र सांभाळतो. आणि त्या मुलाच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तो म्हणाला, "दादा, तुम्ही जरा झोपत जा ना." आता तो परत येतो.

ज्यांचा पेशाच शिक्षकाचा आहे, त्यांची पटसंख्या आणि कागदपत्रं श्लोक वाचून कमी होणार नाहीत. तिथे स्पष्ट बोलावं, मदत मागावी. त्यात कमीपणा नाही.

आजचा स्वाध्याय: तुम्ही ज्याला काही शिकवताय, मग तो विद्यार्थी असो, ऑफिसातला ज्युनियर असो की धाकटी बहीण, त्याच्या वाट्याचं कोणतं काम तुम्ही करून टाकताय? आज तेवढं एक परत द्या. प्रेमाने.

राम कृष्ण हरी!