सिस्टर पुन्हा पुन्हा नाव का विचारते?

रहिमतपूरच्या आमच्या एका मामींना कर्करोग झाला. त्यालाच आपण कॅन्सर म्हणतो. पूर्वी कॅन्सर म्हटला की मुंबईचे टाटा रुग्णालय. ते परळला १९४१ साली सुरू झाले. आता सातारा, कऱ्हाड, मिरज इकडेही उपचार होतात. मामींना शिरेतून औषध द्यायचे ठरले. त्याला केमो म्हणतात. पहिल्या खेपेला आम्ही सोबत गेलो.

सिस्टरने विचारले, "मामी, तुमचं पूर्ण नाव काय?" मामींनी सांगितले. मग वजन झाले, रक्ताचा कागद पाहिला. औषध आले, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न! आता दोन सिस्टर होत्या. दोघींनी केसपेपर वाचला, मनगटावरची पट्टी वाचली, पिशवीवरची चिठ्ठी वाचली. मामी वैतागल्या. "अगं, मघाशीच सांगितलं की!"

आम्हालाही नवल वाटले. पण विचार करा. एका खोलीत एकाच नावाच्या दोन बाया असू शकतात. हे औषध जहाल. ते रोग मारते, तशी चांगल्या अंगालाही इजा करते. किती द्यायचे ते उंची-वजनावरून ठरते. एकीचे दुसरीला गेले तर अनर्थच.

आपल्या परसात सदाफुली असते ना? तिच्यापासून विन्क्रिस्टीन नावाचे औषध काढतात. रक्ताच्या कॅन्सरवर ते फार उपयोगी. पण ते शिरेतूनच द्यायचे. चुकून पाठीच्या मणक्यात गेले तर रोगी बहुधा दगावतो. अशा चुका जगात झाल्या आहेत. मणक्यात द्यायचे औषध सिरिंजमध्ये असते, हेही सिरिंजमध्ये. घोटाळा व्हायचाच! म्हणून २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, विन्क्रिस्टीन लहान पिशवीत पातळ करून द्या. पिशवी मणक्याला कोण लावील? किती साधी युक्ती! (आणि हो, सदाफुलीचा पाला घरी वाटून पिऊ नका. तो विषारी असतो.)

मामींचे औषध लाल रंगाचे होते. थोड्या वेळाने हात चुरचुरू लागला. सिस्टरने आधीच बजावले होते, "आग झाली तर लगेच सांगा." पण मामी सोसणाऱ्या. त्या गप्प. आम्ही त्यांचा चेहरा पाहिला आणि हाक मारली. सिस्टर धावत आली. तिने औषध तत्काळ बंद केले. असले औषध शिरेबाहेर झिरपले तर कातडी आणि मांस जळते. जखम महिनोन्‌महिने भरत नाही. लाल औषधाला थंड पट्टी लागते, सदाफुलीच्या औषधाला गरम शेक. म्हणून आपल्या मनाने हळद लावू नये, शेकूही नये. मामींचा हात वाचला.

घरी आल्यावर लघवी लाल झाली. घरचे घाबरले. ते रक्त नव्हते, औषधाचा रंग होता. औषध असे अंगातून बाहेर पडते. रंग नसलेले औषधही पडतेच. म्हणून ४८ तास जपायचे. लघवी, ओकारी साफ करताना हातमोजे घालायचे. संडासात भरपूर पाणी ओतायचे. खराब झालेले कपडे वेगळे धुवायचे. मामींची सून गरोदर होती. तिला हे काम दिले नाही.

शेजारीण म्हणाली, "मामींची ताटवाटी वेगळी करा." हे मात्र चूक! कॅन्सर स्पर्शाने लागत नाही. जपायचे ते औषधापासून, माणसापासून नव्हे. नातवंडे मामींच्या कुशीत बसली तर बसू द्यावी.

दहाव्या दिवशी रात्री मामींना ताप आला. थर्मामीटरमध्ये १०१. कुणी म्हणाले, "गोळी देऊ, सकाळी बघू." पण सिस्टरने कागदावर लिहून दिले होते: १००.४ च्या वर ताप गेला की थांबू नका. केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. साधा जंतूही मग जिवावर उठतो. गोळीने ताप दबतो, जंतू मरत नाही. थोरल्या मुलाने कागद वाचला आणि जीप काढली. मध्यरात्री दवाखान्यात शिरेतून औषध सुरू झाले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

पुढच्या खेपेला सिस्टर जवळ आली. तिने तोंड उघडण्याआधीच मामींनी स्वतःचे, नवऱ्याचे आणि गावाचे नाव सांगून टाकले. सिस्टर म्हणाली, "छान! आता मी विचारते, मग पुन्हा सांगा."