मळभ येण्याआधी ठरवा फवारणी
हापूस आणि काजू बागायतदारांसाठी मोहोराच्या हंगामातील मोबाइलचा वापर

डिसेंबर लागला की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीवर बागायतदाराचे सगळे लक्ष कलमांच्या शेंड्यांकडे असते. थंडी धरली की बोंगे फुटतात आणि दोन दिवस मळभ राहिले की त्याच बोंग्यांवर तुडतुडे वाढतात, भुरी पसरते. फवारणी वेळेत झाली तर मोहोर वाचतो. पावसाच्या आदल्या संध्याकाळी झाली तर औषध, मजुरी आणि पंपाचे इंधन सगळेच वाया जाते. हंगामाचे गणित अशा मोजक्या निर्णयांवर ठरते आणि त्यासाठी लागणारी बरीच माहिती आता फोनवर मराठीत, मोफत मिळते. ती कधी पाहायची आणि पाहिल्यावर बागेत काय करायचे, हे ठरवून घेतले तरच तिचा उपयोग.

मंगळवार आणि शुक्रवार

ग्रामीण कृषी मौसम सेवेतून जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्यात पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, कमाल व किमान तापमान, आर्द्रता, वारा आणि ढगाळपणाचा अंदाज असतो आणि त्यानुसार पिकांची कामे सांगितलेली असतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘मेघदूत’ ॲपवर सिंधुदुर्ग जिल्हा आणि मराठी भाषा निवडली की हा सल्ला वाचता येतो. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये आणलेल्या ‘महाविस्तार’ ॲपवर हवामान, बाजारभाव आणि पीक सल्ला एकत्र मिळतो. प्रश्नही मराठीत विचारता येतात.

या दोन दिवशी सल्ला वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत फिरायचे, असा नेम ठेवा. अंदाज जिल्ह्याचा असतो. आचऱ्याच्या किनाऱ्यावरील कलम आणि कट्ट्याच्या आतल्या भागातील कलम एकाच दिवशी एकाच अवस्थेत नसते. म्हणून खोडावर, फांद्यांच्या सालीत आणि बोंग्यांवर तुडतुडे आहेत का, हे स्वतः पाहिल्याशिवाय पंप सुरू करू नका.

मोहोराची फवारणी

बोंगे फुटताना लॅमडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के प्रवाही ६ मिलि आणि भुरीसाठी हेक्झाकोनॅझोल ५ टक्के ५ मिलि प्रति १० लिटर पाणी, ही कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकातील फवारणी आहे. औषध आणण्यापूर्वी चालू वर्षाचे वेळापत्रक आणि डब्यावरचे लेबल तपासा.

पुढच्या दोन दिवसांत पाऊस दिसत असेल तर फवारणी थांबवा. मळभाचा अंदाज असून पाऊस नसेल आणि बागेत तुडतुडे दिसत असतील, तर मळभ दाटण्याआधीच काम उरका. अवकाळी पाऊस पडून गेलाच, तर उघडीप मिळताच करपा आणि भुरीसाठी शिफारशीतील बुरशीनाशक घ्या.

मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक शक्यतो टाळा. नाइलाज असेल तर सकाळी ९ ते १२ ही परागीकरणाची वेळ सोडा. मधमाश्या आणि माश्या मेल्या तर मोहोर कितीही चांगला दिसला तरी फळ धरणार नाही.

थंडी आणि उष्मा

हापूसला थंडी हवी असते, पण कणी धरल्यावर किमान तापमान घसरून थंडी लांबली तर त्याच फांदीवर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची फळे गळतात. अशा पुनर्मोहोराचा त्रास दरवर्षी होत असेल, तर मोहोर पूर्ण फुलल्यावर आणि फळ वाटाण्याएवढे असताना जिबरेलिक ॲसिड ५० पीपीएमची, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅमची, फवारणी करावी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ॲपवर कमाल तापमान पस्तिशीकडे सरकताना दिसले की पाण्याची तयारी ठेवा. फळ वाटाण्याएवढे असल्यापासून अंड्याएवढे होईपर्यंत, सोय असेल तिथे झाडाला १५० ते २०० लिटर पाणी १५ दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा द्यावे आणि आळ्यात गवताचे आच्छादन करावे. गोटीएवढ्या फळांना २५ बाय २० सेंमीच्या कागदी पिशव्या घातल्यास डाग आणि उन्हाचा चटका कमी होतो.

काजूकडे दुर्लक्ष नको

ढगाळ हवेत काजूवर ढेकण्या येतो. तो कोवळी पालवी, मोहोर आणि लहान बी यांतील रस शोषतो. शेंडे काळे पडून सुकतात. पालवी, मोहोर आणि फळधारणा या तिन्ही अवस्थांत पाहणी हवी. आंब्यासाठी वाचलेला मळभाचा इशारा काजूलाही लागू आहे.

फोटो आणि नोंदी

रोग ओळखता येत नसेल तर दुकानदाराच्या अंदाजावर औषध घेऊ नका. दिवसाउजेडी तीन फोटो काढा: पूर्ण झाड, रोगट फांदी, आणि बोंगा किंवा पानाची मागची बाजू अगदी जवळून. सोबत झाडाचे वय आणि मागच्या फवारणीचे औषध व तारीख लिहून किर्लोस येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रातील तज्ज्ञांना दाखवा. प्रत्येक फवारणीनंतर रिकाम्या डब्याचा फोटो ठेवलात तर तेच औषध पुन्हा पुन्हा मारले जाणार नाही. किडींची प्रतिकारशक्ती वाढते ती अशाच चुकीने.

हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते. त्यामुळे आपले मंडळ कोणते आणि त्या केंद्रावर पाऊस व तापमान किती नोंदले गेले, यावर लक्ष ठेवा. ई-पीक पाहणीत आंबा आणि काजूची नोंद मुदतीत स्वतः करा. बागेत रेंज मिळत नसेल तर गावातल्या माहीतगाराची मदत घ्या, पण नोंद राहून जाऊ देऊ नका.

दर विचारून तोडणी

केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ ते २००१ दरम्यान मोबाइल पोहोचला, तेव्हा मच्छीमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांतील दर विचारू लागले. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ च्या अभ्यासानुसार मासळी फेकून देण्याची वेळ जवळपास संपली, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकांसाठी दर सुमारे ४ टक्क्यांनी उतरले. आंब्याच्या पेटीलाही हाच न्याय लागू आहे. तोडणीच्या आदल्या दिवशी वाशी बाजारातील आवक आणि दर पाहा, दोन-तीन ठिकाणी फोन करा, थेट ग्राहकांच्या मागण्या आधी नोंदवून घ्या आणि मगच किती पेट्या भरायच्या ते ठरवा. दर पडतील या भीतीने कोवळा आंबा काढू नका. ८० ते ८५ टक्के तयार फळ देठासह झेल्याने उतरवा.

एप्रिल-मेमध्ये बागेत जाण्यापूर्वी ‘दामिनी’ ॲपवर विजेचा इशारा पाहा. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाने जिल्ह्यातील आंबा-नारळाच्या बागांचे मोठे नुकसान केले. वादळाचा इशारा आला की तयार फळ उतरवणे आणि कामगारांना सुरक्षित ठेवणे, ही पहिली दोन कामे.

फिरत्या संदेशांपासून सावध

नाव-तारीख नसलेला व्हॉट्सॲप संदेश, तसेच ॲपने सांगितलेली औषधाची मात्रा तपासल्याशिवाय वापरू नका. शंका आली तर किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या मोफत क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० दरम्यान मराठीत विचारता येते. वाडीत वयस्क बागायतदार असतात, काहींकडे साधा फोन असतो. तरुणांनी मंगळवार-शुक्रवारचा सल्ला त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्यांचे निरीक्षणही ऐकून घ्यावे. शेजारच्या बागेतले तुडतुडे आपल्या बागेत यायला वेळ लागत नाही. म्हणून फवारणीचा दिवस वाडीने मिळून ठरवला तर खर्च कमी होईल आणि मोहोरही टिकेल.