कैरीचा मेथांबा : चव जमली, भाव जमतोय का?

व्हिडिओत मेथांबा करून दाखवला, आता त्याचं गणित वहीत लिहून घ्या.

१ किलो कैरी आणली तरी साल-कोय जाऊन फोडी साधारण ७०० ग्रॅमच उरतात. तेलात मोहरी, हिंग, अर्धा चमचा मेथीदाणे. मेथी तांबूस झाली की लगेच फोडी, हळद, तिखट, मीठ. मेथी करपली तर अख्खा घाणा कडू! फोडी मऊ झाल्या की ७०० ग्रॅम चिरलेला गूळ. वरून पाणी नको, सुटतं तेवढं पुरे. थेंब ताटलीवर ओघळेनासा झाला की गॅस बंद. बरणी अगदी कोरडी हवी.

यातून २५० ग्रॅमच्या ४ बरण्या धरू. भाव नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला. कैरी ६०, गूळ ४२, तेल-मसाला १५, गॅस १५, बरण्या-लेबल १००, आणि तुमची दीड तासाची मजुरी १२०. एकूण ३५२, म्हणजे बरणीमागे ८८ रुपये. ‘घरचंच काम’ म्हणून मजुरी सोडली की ५८ दिसतात, मग आपण खुशाल ७० ला विकतो. तिथंच फसतो. १२० ला विकून दुकानदाराला २५ टक्के दिले तर हातात ९०. उरले किती? २ रुपये!

म्हणून मानकोलीत असाल तर आधी दुकान नको. आजूबाजूला एवढी गोदामं, डबा आणणारी एवढी माणसं. थेट त्यांना विका. त्याआधी एफएसएसएआय नोंदणी करा, १४ अंकी नंबर लेबलवर छापा. आणि पहिल्या घाण्यातली एक बरणी तारीख टाकून घरीच ठेवा. किती दिवस टिकते ते बघा, मगच मोठी ऑर्डर घ्या.