उसाचे बिल आणि घरचे ताट



उसाला खत किती, पाणी कधी, हे आपण बारकाईने पाहतो. घरातल्या माणसांच्या खुराकाचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर शंभर स्त्रियांत 54 जणींच्या, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर मुलांत सुमारे 69 जणांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणून बेताच्या पैशात कसदार जेवण कसे बसवावे, हे या अंकात पाहू.

अडचण कोठे आहे?

आपला खंडाळा तालुका पर्जन्यछायेतला. बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी ही इथली जुनी पिके. पाणी आले तिथे ऊस आला, आणि घरचे कडधान्य दुकानातून यायला लागले. उसाचे पैसे हप्त्याने येतात, चूल मात्र रोज पेटवावी लागते. मधल्या महिन्यांत हात आखडला, की पहिली कात्री डाळीला लागते. चहा-साखरेला लागत नाही. इथेच चुकते.

भाकरीला कडधान्याची जोड

शरीर बांधायला प्रथिने लागतात. शंभर ग्रॅम बाजरीत ती सुमारे 11 ग्रॅम, तर हुलगा-मटकीत सुमारे दुप्पट असतात. धान्यात जो घटक कमी, तो कडधान्यात जास्त. कडधान्यात जो कमी, तो धान्यात मिळतो. म्हणून नुसत्या भाकरी-चटणीपेक्षा भाकरी आणि मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे किंवा पिठले हे जेवण कितीतरी सरस. कडधान्य मोड आणून शिजवले तर पचायला हलके होते आणि त्यातले लोह अंगी जास्त लागते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे माणशी रोज सुमारे 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये असावीत. पाच माणसांच्या घराला, लहान मुले धरून, वर्षाला सव्वा ते दीड क्विंटल लागतील. उसाचे बिल हाती आले, की आधी हे पोते घरात आणावे. सुगीच्या दिवसांत लोणंद-शिरवळच्या बाजारात माल घ्यावा, कडक उन्हात वाळवावा, कोरड्या कोठीत भरावा. किलोकिलोने उधारीवर आणण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

उसाच्या सरीत भाजी

लावणीनंतर पहिले दोन-तीन महिने उसाच्या ओळींमधली जागा मोकळी असते. आडसालीत भुईमूग, सोयाबीन, चवळी. पूर्वहंगामीत कांदा, मेथी, हरभरा, कोबी ही आंतरपिके घेता येतात. आपल्या शेजारी पाडेगावला 1932 पासून ऊस संशोधन केंद्र आहे. तिथे याची चौकशी करावी. सगळे बाजारात न घालता दोन सऱ्या घरासाठी ठेवाव्यात.

परड्यात न्हाणीच्या पाण्यावर शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई लावावी. शेवग्याचा पाला फेकू नका. त्याची भाजी लोह आणि चुन्याने भरलेली असते. जेवणात लिंबू पिळले की भाजीतले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला, की ते वाया जाते. म्हणून चहा तासभर उशिरा घ्यावा. लिंबू पिळायला आणि चहा लांबवायला वेगळे पैसे लागत नाहीत.

दूध आणि पुडे

कित्येक घरांत सगळे दूध डेअरीला जाते आणि पोरं कोऱ्या चहात बिस्किट बुडवून शाळेला पळतात. डेअरीला घालण्याआधी प्रत्येक मुलाचे एक पेलाभर दूध बाजूला काढावे.

पुड्याचा भाव किलोत काढून पाहावा. दहा रुपयांच्या पुड्यात 25 ग्रॅम माल असेल, तर किलोला चारशे रुपये पडले! तेवढ्यात शेंगदाणे, फुटाणे किंवा अंडी किती येतील, ते दुकानात विचारा.

साखर आपण पिकवतो, पण तिच्यात नुसती ताकद आहे, शरीर बांधणारे काही नाही. माणशी दिवसाला 25 ग्रॅम ही वरची मर्यादा. म्हणजे पाच माणसांना महिन्याला पावणेचार किलो, चहा आणि गोडधोड सगळे धरून. सवलतीची साखर घरात आली म्हणून ती संपवलीच पाहिजे असे नाही.

एका दिवसाचे जेवण

सकाळी : दूध, रात्रीच्या भाकरीचा कुस्करा, मूठभर शेंगदाणे.
दुपारी : बाजरीची भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ, मेथी किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी, कांदा, लिंबू.
संध्याकाळी : फुटाणे आणि पेरू, किंवा हंगामात मिळेल ते फळ.
रात्री : ज्वारीची भाकरी, डाळीची आमटी, थोडा भात, ताक.
आठवड्यातून दोन-तीनदा, चालत असेल त्या घरी, अंडी.

शेवटी एकच सांगणे

ज्या घरात बाई सगळ्यांच्या मागून जेवते, तिथे तिच्या वाट्याला तळाची आमटी आणि उरलेली भाकरी येते. भाजी तर संपलेलीच असते. रक्त कमी असणाऱ्यांत तीच जास्त, आणि उसाच्या खुरपणीलाही तीच. तेव्हा सगळ्यांनी एका पंगतीला बसावे, निदान भाजी-उसळीचे सारखे वाटे आधी काढावेत. घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर तिचे ताट पहिले वाढावे, अंगणवाडीत तिचे नाव नोंदवावे आणि मिळालेल्या लोहाच्या गोळ्या चुकवू देऊ नयेत. यासाठी उसाच्या पुढच्या हप्त्याची वाट पाहायला नको. आज रात्रीच्या जेवणापासूनच सुरुवात करता येईल.