चार वाटा आणि एक वही

तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत ज्यांचे वडील कामास जातात, त्या विद्यार्थ्यांनीं कारखान्याचें फाटक पाहिलेंच असेल. मालाची गाडी आंत येतांना पहारेकरी वहींत नोंद करतो व बाहेर पडतांना ती नोंद पडताळतो. नोंद सांपडली नाहीं तर गाडी अडते, मग गाडीवान कितीही सचोटीचा असो. संगणकांच्या जाळ्याच्या दारावरील फायरवॉल हाच व्यवहार करते. संदेश पॅकेट नांवाच्या लहान तुकड्यांनीं येतो. पहिल्या तुकड्यास नियम लावून फायरवॉल त्या संभाषणाची नोंद ठेवते आणि पुढचे तुकडे त्या नोंदीच्या आधारें सोडते.

27 मे 2024 रोजीं दुपारीं 1 वाजतां दहावीचा निकाल संगणकावर प्रसिद्ध झाला. त्या वर्षीं परीक्षेस बसलेलीं मुलें 15 लाखांहून अधिक होतीं. अशा गर्दीस एक पहारेकरी कसा पुरावा? म्हणून मोठ्या फायरवॉलची घडण खणांच्या कपाटासारखी करतात. या सांगाड्यास चॅसिस म्हणतात. कांहीं खणांत तारा जोडण्याचीं कार्डें असतात, कांहींत तपासणीचीं. काम वाढलें कीं कार्ड वाढवावें. तसेंच अनेक तारांची मोळी बांधून तिला एकच तार मानतात. यास लिंक ॲग्रिगेशन म्हणतात. त्याचे सर्वमान्य नियम 2000 सालीं ठरले.

तुकडे आळीपाळीनें प्रत्येक तारेवर सोडावे, असें कोणीही सुचवील. पण तसें केल्यास मागचे तुकडे पुढें पोंचून संदेशाचा क्रम बिघडतो. म्हणून पाठविणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या क्रमांकांवरून हिशोब करतात. खरा हिशोब गुंतागुंतीचा असतो. आपण सोपा करूं. क्रमांक 23 आणि 52, बेरीज 75; तारा 4, म्हणून बाकी 3. त्या दोघांचे या दिशेचे सर्व तुकडे 3 क्रमांकाच्या तारेनें जातील.

आंत गेल्यावर तपासणीचें कार्ड निवडण्यास पुन्हां असाच हिशोब होतो, आणि खरी मेख येथें आहे. उत्तर वेगळ्या तारेनें आलें तरी बिघडत नाहीं. वेगळ्या कार्डाकडे गेलें तर बिघडतें, कारण नोंद पहिल्याच्या वहींत असते. बेरीज उलटसुलट सारखीच येते, म्हणून ती सोयीची. पाठविणाऱ्याचा क्रमांक दुप्पट करून बेरीज घेतली असती तर जातांना 98, येतांना 127. कार्डें 4 धरल्यास बाकी 2 व 3. मुलांनीं हें स्वतः करून पाहावें.

बेरजेनेंही सारें निभावत नाहीं. बाहेर जातांना फायरवॉल पुष्कळदां पत्ताच बदलते, आणि परतणाऱ्या तुकड्याची बेरीज निराळी येते. ज्युनिपर कंपनीच्या एसआरएक्स 5000 मालिकेंत यासाठीं पूर्वीं जणूं एक मुख्य कारकून नेमलेला होता. कोणतें संभाषण कोणत्या कार्डाकडे गेलें, हें तो टिपून ठेवीत असे.

प्रत्येकी 10 गिगाबिटच्या चार तारा म्हणजे 40, हा आंकडा विक्रेते ठळक अक्षरांत छापतात. एकट्या संभाषणाच्या वांट्यास 10 च्या वर कांहीं येत नाहीं, हें मात्र बारीक अक्षरांत शोधावें लागतें.

एक तार तुटली तर भागाकार 3 नें होतो, 75 ची बाकी 0 येते आणि संभाषण दुसऱ्या वाटेस लागतें. निकाल पाहणाऱ्यास बहुधा पत्ताही लागत नाहीं. कार्ड बिघडलें तर त्याच्याबरोबर वहीच जाते. तिची नक्कल दुसरीकडे राखलेली नसेल, तर ज्यांचीं संभाषणें त्या वहींत होतीं त्या सर्वांना आपला आसनक्रमांक पुन्हां घालावा लागतो.