प्री-वेडिंगचे कपडे : चिठ्ठीवरची किंमत आणि खरा खर्च

भाचीचा साखरपुडा झाला आणि आठवड्याभरात फोटोसेशनची तारीख निघाली. जागा ठरली वाईजवळची मेणवली, कृष्णेचा घाट, वेळ पहाटेची. दुसऱ्याच दिवशी लक्ष्मी रोडवर तिला एक लेहंगा आवडला, 14 हजारांचा. "मावशी, घेऊन टाकू का?" मी म्हटलं, आधी कर विचार. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपेक्षा महाग तयार कपड्यावर 18 टक्के जीएसटी आहे. किंमत कर धरून नसेल, तर 14 हजारांचे 16,520 होतात. न शिवलेल्या साडीला मात्र कापडाचाच 5 टक्के दर लागतो. हा फरक दुकानात सहसा कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून बिल होण्याआधी "कर धरून किती?" एवढं विचारायचंच.

लेहंगा घेतला नाही, पण त्याचं मुख्य कारण कर नव्हतं. एका सकाळसाठी घ्यायच्या कपड्याला मी एकच प्रश्न विचारते, हा पुन्हा कधी अंगावर चढणार? उत्तर येत नसेल तर तो भाड्याने आणावा. आणि वाचलेल्या पैशातले थोडे शिंप्याला द्यावेत, कारण फोटोत कापडाची किंमत दिसत नाही, खांद्यावरून घसरणारा ब्लाउज आणि बाहीची सुरकुती दिसते.

कपडे किती, हे आधी उजेडावरून ठरवा. सकाळचं कोवळं ऊन जेमतेम तासभर टिकतं. साडी बदलायला, केस पुन्हा बसवायला अर्धा-पाऊण तास जातो. म्हणजे सकाळी दोन पोशाख आणि संध्याकाळी एक. पाच-सहा बॅगा भरून नेणारी जोडपी निम्मा वेळ गाडीत कपडे बदलण्यात घालवतात.

भाचीच्या तीन पोशाखांचा हिशेब असा झाला. पहिली आईची जुनी नारायणपेठी. साडी फुकट, पण ती नेसण्याजोगी करायला नवा फॉल 150, ड्रायक्लीन आणि इस्त्री 300, अस्तराच्या ब्लाउजचं कापड आणि शिलाई मिळून 1,150, असे 1,600 लागले. दुसरा खणाचा लांब ड्रेस. पाच मीटर कापड 900 ला आणि शिलाई 1,200, एकूण 2,100. तो तिने नंतर हळदीकुंकवालाही घातला. तिसरा लांब शेपटाचा गाऊन, भाड्याने, आणि इथेच आम्ही फसलो.

भाडं 2,500, डिपॉझिट 3,000. गाऊन पाठीमागे दोऱ्यांनी आवळायचा असल्यामुळे कुठल्याही मापाला बसतो, लांबून राजेशाही दिसतो. पण त्याचं शेपूट चार-पाच फूट जमिनीवरून ओढलं जातं. घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर ते चिखलाने भरलं. परत करताना दुकानदाराने चिखलाबरोबर एक फाटका भागही दाखवला आणि 800 रुपये कापले. फाटलेलं आधीचं होतं, अशी माझी खात्री आहे, पण पुरावा नव्हता. म्हणून आता प्रत्येकाला सांगते, भाड्याचा कपडा ताब्यात घेताना दुकानातच, दुकानदारासमोर, त्याचा आतून-बाहेरून व्हिडिओ काढा. ड्रायक्लीनचे पैसे भाड्यात आहेत की वेगळे, परत करायला उशीर झाला तर दिवसाला किती, डिपॉझिट किती दिवसांत मिळणार, हे पावतीवर लिहून घ्या. आणि मातीत, वाळूत, काट्याकुट्यांत शूट असेल तर शेपटाचा गाऊन नकोच.

मुलाकडे लोक लक्ष देत नाहीत, हे मला पटत नाही. फोटोत निम्मी जागा त्याची असते. आमच्या जावईबापूंचा कुडता-पायजमा 2,200, जोधपुरी भाड्याने 1,800, तिसऱ्या वेळी घरचाच शर्ट-पँट. शर्ट आणि कुडता अंगासरसा करायला 400. दोघांचं मिळून 11,400 झाले. हे आमचे पुण्यातले आकडे आहेत. पेठ, शिंपी आणि लग्नसराई यांप्रमाणे वरखाली होणारच.

रंग जागा बघून निवडा. मेणवलीचा दगड काळा. त्यावर जांभळा, गडद निळा, बाटली हिरवा बुडून जातो. हळदी पिवळा, कुंकवाचा लाल, मोतिया उठून दिसतो. पावसाळ्यात हिरव्यागार डोंगरावर जाणार असाल तर हिरवं टाळा. दोघांनी एकाच रंगात जाऊ नये. तिच्या साडीच्या काठाचा रंग त्याच्या कुडत्याला घ्यावा, तेवढं पुरतं. बारीक चौकडीचा किंवा बारीक रेघांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात त्यावर लाटांसारखे पट्टे उमटतात. पुण्याहून वाई साधारण 90 किलोमीटर. लिनन घालूनच गाडीत बसलात तर उतरताना चुरगळलेलं असेल. ते हँगरवर न्या आणि तिथे बदला.

लग्नासाठी घेतलेली पैठणी शूटला नेण्याचा मोह होतो. ती घेताना उलटी बाजू नक्की बघा. हातमागावरच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच सुबक दिसते, मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती यंत्रावरची. शुद्ध रेशमाच्या भावात घेत असाल तर सिल्क मार्कचं लेबल मागा. मात्र हजारोंची साडी नदीच्या पाण्यात भिजवायची नाही, यावर मी ठाम आहे.

सदोष माल निघाला तर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठी बिल जपून ठेवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. नुसता रंग आवडला नाही म्हणून मात्र हा आधार मिळत नाही. बदलून देणार का, ते खरेदीआधीच विचारून ठेवा.

शूटच्या चार दिवस आधी सगळे कपडे चपला-दागिन्यांसकट घालून गच्चीवर जा, शूटच्याच वेळेला. बसा, वाका, हात वर करा, पायऱ्या चढा, आणि कुणाला तरी मोबाइलवर फोटो काढायला सांगा. भाचीच्या ब्लाउजची पाठ त्या सकाळी उसवली आणि शिंप्याकडे जायला तीन दिवस हातात होते.